पाऊस नाही, तरी पालवी!

दोस्तांनो, फेब्रुवारी सरत आला की गावाकडच्या परसात एक नवल घडतं. विहिरीचं पाणी खाली गेलेलं असतं, ओढा आटत आलेला असतो, ढेकळं दगडासारखी टणक झालेली असतात. मृगाचा पाऊस यायला अजून तीन महिने तरी आहेत. अशा वेळी झाडांनी गप्प बसायला हवं, हो ना? पण कडुनिंब, पिंपळ खुशाल नवी पालवी काढतात! पाणी आणतात तरी कुठून?

उत्तर झाडाखालीच पडलंय. पाचोळा! पानांना इतकी बारीक छिद्रं असतात, की नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. त्यांतून दिवसा पाण्याची वाफ बाहेर पडत राहते. याला म्हणतात बाष्पोत्सर्जन. झाडानं पानं गाळली की पाण्याचा हा मोठा खर्च जवळजवळ थांबतो. मुळं मात्र खोलवरच्या ओलीतून थोडं थोडं पाणी ओढतच असतात. खोडाचा रांजण हळूहळू भरतो आणि त्या पाण्यावर फांद्यांचे डोळे फुगून फुटतात.

बरं, वेळ झाली हे झाडाला कसं समजतं? अनेक झाडं उजेड मोजतात! २२ डिसेंबरच्या सुमारास महाराष्ट्रात दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. मग तो रोज किंचित वाढतो आणि २१ मार्चला १२ तासांचा होतो. आंब्याला मात्र रात्रीच्या गारव्याची खूण पटते. थंडी नीट पडली तर मोहोर भरभरून येतो. मोहोराच्या एका तुऱ्यात शेकडो, कधी हजारांवर इवली फुलं असतात. माश्या आणि इतर छोटे कीटक त्यांचे परागकण इकडून तिकडे नेतात. तरी एका तुऱ्यावर शेवटी एखाददुसराच आंबा धरतो!

आता बांधावर चला. ‘पळसाला पानं तीनच’ असं आपण म्हणतो, पण या दिवसांत तीन सोडा, कित्येक पळसांवर एकही पान नसतं. नुसती केशरी फुलं! पानांचा आडोसा नसल्यामुळे ती लांबूनही दिसतात. मैना, बुलबुल, शिंजीर मध प्यायला येतात. चोचीला, डोक्याला परागकण चिकटतात आणि पुढच्या फुलापर्यंत पोचतात. पळसाचं बी धरतं ते या पाखरांमुळे.

पिंपळाची कोवळी पानं तांबूस का असतात, सांगा बरं? त्यांच्यात हिरवं हरितद्रव्य अजून पुरेसं तयार झालेलं नसतं आणि अँथोसायनिन नावाचं लाल रंगद्रव्य भरपूर असतं. कडक उन्हापासून नाजूक पानाला ते जपतं, असं शास्त्रज्ञ मानतात. पान जून होत गेलं की हिरवं होतं.

मग आजच एक काम करा. परसातल्या एखाद्या झाडाच्या खालच्या फांदीला सैलसर दोरा बांधा. डोळा कधी फुगला, पान कधी उलगडलं, तांबूस रंग जाऊन हिरवा कधी झाला, हे तारखेसह वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच फांदीची पुन्हा नोंद करा. तुमच्या परसात वसंत यंदा लवकर आला की उशिरा, हे मग तुम्हीच घरच्यांना सांगाल.