पाहुणे परराष्ट्र खात्याचे, पोलीस गृह खात्याचे

मे २०१६ मध्ये भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद राजधानीत ‘आफ्रिका दिना’च्या तयारीत गुंतली होती. सोहळा २६ तारखेला ठरला होता. त्याआधी सहा दिवस, २० मेच्या रात्री, वसंत कुंज भागात रिक्षा ठरविण्यावरून झालेल्या वादातून काँगोच्या एका तरुणाची मारहाण करून हत्या झाली. आफ्रिकी देशांच्या दूतावास-प्रमुखांनी परिषदेला सोहळा पुढे ढकलण्यास सांगितले. सुरक्षिततेची हमी मिळेपर्यंत नवे विद्यार्थी भारतात पाठवू नयेत, अशी शिफारस आपापल्या सरकारांना करण्याचा इशाराही त्यांनी दिला. परराष्ट्र खात्याने धावपळ करून मनधरणी केली. सोहळा ठरल्या दिवशी झाला, राजदूतही आले.

वेळ निभावली गेली. पण त्या आठवड्यात कला, परराष्ट्र धोरण आणि विद्यार्थिकल्याण या तीन गोष्टींना दिल्ली किती निरनिराळ्या दृष्टीने पाहते, ते उघड झाले. मौलाना आझादांनी १९५० मध्ये स्थापन केलेल्या या परिषदेच्या छताखाली तिन्ही गोष्टी एकत्र नांदतात. नृत्य-संगीताची पथके परदेशी पाठविणे तिचे काम आणि परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणे हेही तिचेच. मात्र परिषद परराष्ट्र खात्याची, तर संगीत नाटक अकादमी संस्कृती खात्याची. एक कलेकडे संबंधांचे साधन म्हणून पाहते, दुसरी परंपरेचे जतन म्हणून. हा मतभेद जुना आहे आणि फारसा उपद्रवीही नाही. पथकाच्या निवडीवरून रुसवेफुगवे होतात, इतकेच.

विद्यार्थ्याचे तसे नाही. पथक आठवडाभरात घरी परतते. विद्यार्थी तीन-चार वर्षे राहतो, भाड्याची खोली शोधतो, रात्री रिक्षा करतो. ऑक्टोबर २०१५ च्या भारत-आफ्रिका शिखर परिषदेत पाच वर्षांत ५० हजार शिष्यवृत्त्यांची घोषणा झाली होती. त्यानंतर सातच महिन्यांत राजदूतांनी ‘विद्यार्थी पाठवू नका’ म्हणण्याची भाषा करावी, यात परराष्ट्र धोरणाची नाचक्की होती. निमंत्रण परराष्ट्र खाते देते, प्रवेश विद्यापीठ देते आणि संरक्षण पोलिसांकडून अपेक्षित असते. कायदा व सुव्यवस्था हा राज्यांचा विषय, ही सबब दिल्लीपुरती तरी टिकत नाही; येथील पोलीस केंद्रीय गृह खात्याच्या अखत्यारीत आहेत.

मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, तेव्हा राजदूतांनी ते वंशद्वेषी ठरवून संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेकडून चौकशीची मागणी केली. ५ एप्रिलला लोकसभेत सुषमा स्वराज यांनी या भूमिकेबद्दल खेद व्यक्त केला. तपास पूर्ण होण्याआधी गुन्ह्याला वंशद्वेषी म्हणणे योग्य नाही, असा त्यांचा पवित्रा होता. राजनैतिक दृष्टीने तो समजण्यासारखा होता. पण शब्द कोणता वापरावा यावरच चर्चा अडली आणि वसतिगृहाबाहेर राहणाऱ्या मुलांनी संकटात कोणाचे दार ठोठवावे, हा साधा प्रश्न मागे पडला.

२०१८ मध्ये परिषदेचे अध्यक्षपद विनय सहस्रबुद्धे यांच्याकडे आले. पुढे काही काळ संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीचेही ते अध्यक्ष होते. एकाच व्यक्तीला दोन्ही टोके दिसण्याचा असा योग क्वचितच येतो. खात्यांच्या हद्दी मात्र व्यक्तींच्या योगायोगाने बदलत नाहीत.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या ताब्यात गेले. त्यानंतर गृह खात्याने भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे आधीचे व्हिसा रद्द ठरविले. सुरक्षेचे कारण होते आणि ते पोकळ नव्हते. पण सुटीसाठी घरी गेलेले, परिषदेच्या शिष्यवृत्तीवर शिकणारे विद्यार्थीही त्यात अडकले. पुण्यात परिषदेचे विभागीय कार्यालय आहे आणि अफगाण विद्यार्थ्यांची तेथे जुनी ये-जा. तेथील मुलेही यात होती. एका खात्याची शिष्यवृत्ती मंजूर, विद्यापीठाचा प्रवेश कायम आणि दुसऱ्या खात्याने व्हिसा काढून घेतलेला, अशा अवस्थेत अनेकांनी काबूलहून ऑनलाइन वर्गांना हजेरी लावली.