५१ गुणांचा संसार

संगणकावरचे खेळ म्हणजे नुसती बोटांची कसरत आणि धडाधड मारामारी, असा आपल्यापैकी अनेक वडीलधाऱ्यांचा समज असतो. तो अगदीच खोटा नाही. पण काही खेळांत खरी लढाई शत्रू समोर येण्याच्या कितीतरी आधी, शांतपणे हिशेब मांडून लढली जाते. अमेरिकेतल्या ब्लिझार्ड कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये आणलेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा अशा खेळांतला एक अतिशय गाजलेला खेळ. दूरदूरचे खेळाडू इंटरनेटवरून एकाच काल्पनिक जगात वावरतात. कुणी योद्धा होतो, कुणी जखमा भरून काढणारा, तर कुणी जादूगार.

हा जादूगार मोठा विलक्षण प्राणी. अंगावर चिलखत नाही, नुसता कापडी झगा. दोन दणके बसले की आडवा! त्याचे काम एकच : दूर उभे राहून मंत्र फेकायचे आणि शत्रूला जास्तीत जास्त इजा करायची. मंत्रशक्तीचा साठा, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत ‘मॅना’, हाही मोजकाच. तो संपला की बाण संपलेल्या धनुर्धराची गत.

मूळ खेळात हा जादूगार दहाव्या पायरीपासून दर पायरीला एक गुण कमावत असे. साठावी पायरी शेवटची. तिथवर पोहोचला की त्याच्या गाठीला ५१ गुण. आहेराच्या पाकिटात शोभावा असा हा आकडा! ते खर्च करायला समोर तीन झाडे : अग्नी, हिम आणि गूढशक्ती. फांदीफांदीने वर चढायचे. शेंड्यावरचे फळ हाती यायला एका झाडावर ३१ गुण खर्चावे लागत. दोन शेंड्यांना ६२ हवेत आणि जवळ तर ५१! साऱ्या खेळाची मेख या साध्या वजाबाकीत आहे. एक शेंडा गाठल्यावर उरलेल्या २० गुणांत दुसऱ्या झाडाच्या मधल्या फांद्यांपर्यंतच जाता येते. सगळे काही कुणालाच मिळत नाही.

मग झाड कोणते निवडावे? अग्नीचा एखादा घाव वर्मी लागला, की शत्रू पुढचे चार सेकंद जळत राहतो आणि त्या घावाच्या ४० टक्के इजा आणखी होते. हिमाच्या मंत्रांना मॅना कमी लागतो आणि शत्रूचा रोषही कमी ओढवतो. गूढशक्तीच्या शेंड्यावरचा मंत्र पंधरा सेकंदांसाठी इजा ३० टक्के वाढवतो, पण तेवढाच मॅनाही जास्त खातो. कागदावर पाहिले तर तिन्ही झाडे मोहात पाडणारी.

निर्णय कागदावर होत नाही, तो समोर कोण उभा आहे यावर होतो. चाळीस जणांनी मिळून लढायच्या पहिल्या मोठ्या मोहिमेच्या शेवटी होता रॅग्नारोस, अग्नीचाच स्वामी. त्याच्यावर अग्निमंत्र फेकणे म्हणजे समुद्रात घागर ओतणे! तिथे अग्नीचे झाड लावून गेलेला जादूगार निव्वळ प्रेक्षक ठरे. पुढे २००६ मध्ये सॅफिरॉन नावाचा हिमसर्प आला. त्याच्यावर हिममंत्रांचा काहीही परिणाम होत नसे. कालचा शहाणपणा आज कुचकामी.

दुसरा प्रश्न असतो, शेजारी कोण उभे आहे हा. ‘विंटर्स चिल’ हा हिमझाडावरचा एक गुण घ्या. त्यामुळे शत्रूवर हिमाचा घाव वर्मी लागण्याची शक्यता १० टक्क्यांपर्यंत वाढते. ती गुण घेणाऱ्यापुरती नव्हे, तर साऱ्या हिमवादी जादूगारांसाठी. म्हणजे एकाने तो घेतला तरी बाकीच्यांचे भागते. त्या एकाने मात्र आपले काही गुण चारचौघांसाठी खर्च केलेले असतात. लढाईनंतर इजेचे आकडे मांडले जातात, तेव्हा त्यातला त्याचा वाटा कुठे वेगळा दिसत नाही. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

निवड बदलता येत असे, पण फुकट नाही. पहिल्यांदा सोन्याची एक मोहर, मग पाच, मग दहा, असे करत पन्नासपर्यंत. त्यामुळे माणूस दहादा विचार करी. पुढे २००९ मध्ये दोन निवडी जवळ बाळगायची सोय झाली. दरम्यान हिशेबी खेळाडूंनी प्रत्येक झाडाचे गणित सोडवले होते. लढाई हजारो वेळा खेळून पाहणारा ‘सिम्युलेशनक्राफ्ट’सारखा प्रोग्राम आला आणि उत्तम निवड कोणती ते आकड्यात सांगू लागला. परिणाम असा, की गावोगावचे जादूगार एकाच साच्यातून काढलेल्या गणपतींसारखे दिसू लागले. शेवटी २०१२ मध्ये कंपनीने झाडेच तोडली आणि सहा टप्प्यांवर तीनांतला एक गुण निवडा, एवढेच ठेवले.

पण लोकांना झाडांची सावली आठवत राहिली. २०१९ मध्ये जुना खेळ ५१ गुणांसह पुन्हा सुरू झाला. २०२२ मध्ये नव्या खेळातही झाडे परतली, आणि आता निवड बदलायला दमडीही पडत नाही. दुसऱ्याची निवड जशीच्या तशी उतरवून घेण्याचीही सोय आहे.

इथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. तो हिशेबी प्रोग्राम, वेगळे काही सांगितले नाही तर, एका जागी खांबासारख्या उभ्या राहणाऱ्या शत्रूशी लढाई धरून चालतो. खऱ्या लढाईत मात्र धावावे लागते, मंत्र अर्धवट सोडावा लागतो, सोबती पडतो. उसन्या उत्तरात हे काहीच नसते. उत्तर बरोबर असते, फक्त प्रश्न आपला नसतो.

अशी गुणांची झाडे आता अनेक खेळांत असतात. तेव्हा घरातले पोर पडद्यासमोर बसलेले दिसले, की ‘किती वेळ झाला?’ हे विचाराच; तो आपला हक्कच आहे. पण सोबत एवढेही विचारून पाहा : ‘गुण कुठे घातलेस, आणि त्यासाठी काय सोडलेस?’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याला पटकन देता आले, तर समजा की निवड त्याने स्वतः केली आहे.