हृदयाच्या दाराची दुरुस्ती

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत फुटबॉल न खेळणारा मुलगा शोधूनच काढावा लागेल. समजा, पेठेतल्या एखाद्या शाळेत सहावीत असा एक मुलगा आहे. वर्गात तो ठणठणीत दिसतो. पण मैदानाच्या दोन फेऱ्या झाल्या की भिंतीला टेकून धापा टाकतो. आपण म्हणतो, 'आळशी आहे' किंवा 'नीट जेवत नसेल'. बहुतेक वेळा तसे असेलही. पण कधी कधी दोष हृदयाच्या एका दाराचा असतो. हे दार कसे बिघडते, शस्त्रक्रियेने ते कितपत सुधारते आणि शिक्षकांचा त्याच्याशी काय संबंध, ते आपण पाहू.

फळ्यावरचे गणित

फुप्फुसांतून आलेले ऑक्सिजनयुक्त रक्त हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात, म्हणजे अलिंदात जमते. तेथून ते द्विदल झडपेतून खालच्या निलयात उतरते आणि निलय ते शरीरभर ढकलतो. झडप म्हणजे एकाच बाजूला उघडणारे दार. प्रौढ माणसात पूर्ण उघडलेल्या या दाराचे क्षेत्रफळ ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. आजारात त्याच्या कडा एकमेकींना चिकटतात आणि ते दीड चौरस सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी उरते.

आता नाडी मोजा. मिनिटाला ७५ ठोके, म्हणजे एका ठोक्याला ०.८ सेकंद. त्यातले सुमारे ०.५ सेकंद निलय सैल असतो व तेवढाच वेळ रक्त खाली उतरते. मिनिटाभरात हा वेळ झाला सुमारे ३७ सेकंद. धावताना ठोके १५० झाले, तर एका ठोक्याला ०.४ सेकंद आणि त्यात सैल वेळ जेमतेम ०.२ सेकंद. मिनिटाला ३० सेकंद. म्हणजे रक्ताची गरज दुपटीहून अधिक वाढली आणि वेळ मात्र घटला! रुंद दाराला हे जमते, अरुंद दाराला नाही. रक्त मागे फुप्फुसांत तुंबते आणि धाप लागते. बसलेला मुलगा ठीक का दिसतो, याचे उत्तर या गणितात आहे.

घसा आणि हृदय

हे दार बिघडवण्यात आपल्याकडे मोठा वाटा संधिज्वराचा. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंमुळे घसा सुजतो, चार दिवसांत बराही होतो. पण काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे-घोटे सुजतात. जिवाणूंविरुद्ध तयार झालेली शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच ऊतींवर, विशेषतः हृदयाच्या झडपांवर हल्ला करते. सांधे पूर्ववत होतात, झडपेवरचा व्रण राहतो. हा आजार मुख्यतः ५ ते १५ या वयात होतो. हेच शाळेचे वय!

बोट, फुगा आणि नवे दार

१९२५ साली लंडनमध्ये हेन्री सौटर यांनी एका मुलीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून अरुंद झडप सैल केली. मुलगी बरी झाली, पण तेव्हाच्या वैद्यांना हे धाडस मानवले नाही. १९४८ मध्ये अमेरिकेत चार्ल्स बेली आणि इतरांनी ही वाट पुन्हा खुली केली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात हृदयशस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्यांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन अग्रणी होते. १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदयरोपण त्यांनीच केले. तो रुग्ण मात्र काही तासच जगला.

१९५३ मध्ये जॉन गिबन यांच्या हृदय-फुप्फुस यंत्राने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली. हृदय थांबवून, उघडून, डोळ्यांनी पाहत झडप दुरुस्त करणे शक्य झाले. १९८० च्या दशकात जपानच्या कांजी इनोऊए यांची फुग्याची पद्धत आली. मांडीच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेऊन तिच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवायचा, की चिकटलेल्या कडा सुटतात. छाती उघडावी लागत नाही.

झडप फारच कडक झाली असेल, तर ती बदलावी लागते. कृत्रिम झडप टिकाऊ असते, पण तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून जन्मभर गोळी आणि वरचेवर रक्ततपासणी चुकत नाही. मुलीला पुढे गरोदरपणी ही गोळी अडचणीची ठरते. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपेला जन्मभर गोळी सहसा लागत नाही. पण ती झिजते, तरुण वयात लवकर. मग पुन्हा शस्त्रक्रिया. परदेशी झडपा महाग, म्हणून तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या गटाने देशी झडप घडवली. आधीचे काही नमुने फसले. १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसली.

राखण कोणी करायची?

प्रत्येक उपाय ही तडजोड आहे. मूळ दार कोणताच परत देत नाही. उलट, घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिनचे उपचार सुरू झाले, तर संधिज्वर सहसा टळतो. एकदा तो होऊन गेला असेल, तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. बरे वाटते म्हणून ते मध्येच सोडणे हाच मोठा धोका.

म्हणून तापासह घसा धरलेल्या, सांधे सुजून गैरहजर राहिलेल्या किंवा खेळताना इतरांआधी धापा टाकणाऱ्या मुलाची नोंद ठेवावी. पालकांना सांगावे, सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात त्याचे हृदय तपासून घ्यावे. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आले, की अशा मुलांना आवर्जून पुढे करावे. शल्यचिकित्सक दाराशी पोहोचतो तो बिघाड झाल्यावर. शिक्षक मात्र त्याआधीच तिथे असतो.