पचनसंस्थेतील सार्कॉइडोसिस : निदानास विलंब का लागतो?

देयक भरावयाच्या खिडकीपाशी रुग्णांचे आप्तेष्ट जे प्रश्न विचारतात, त्यांतील एक असा असतो : "साहेब, एकदा दुर्बीण झाली, तुकडा तपासला, पैसेही भरले, मग पुन्हा तीच तपासणी कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. उरण, पेण वा कर्जतहून सीबीडी बेलापूरला येणाऱ्या कुटुंबाचा प्रत्येक खेपेस एका दिवसाचा रोजगार बुडतो. मी वैद्यक नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तथापि आमच्या वैद्यकांकडून जे समजून घेतले, ते एका दुर्मीळ आजाराच्या निमित्ताने विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यापुढे ठेवीत आहे.

सार्कॉइडोसिस हा संसर्गजन्य आजार नाही व तो कर्करोगही नाही. शरीराच्या संरक्षक पेशी एकत्र येऊन सूक्ष्म गाठी बनवितात. त्यांस ग्रॅन्युलोमा म्हणतात. नॉर्वेतील त्वचारोगतज्ज्ञ सीझर बोक यांनी १८९९ साली त्वचेवरील अशा गाठींचे वर्णन केले व त्यावरून पुढे हे नाव रूढ झाले. आजाराचे मूळ कारण अद्याप निश्चित झालेले नाही. बहुतांश रुग्णांत फुप्फुसे व छातीतील लसिकाग्रंथी बाधित होतात. पचनमार्गात त्रास देणारा सार्कॉइडोसिस शंभरात एकाहूनही कमी रुग्णांत आढळतो. त्यातही जठर, विशेषतः त्याचा खालचा भाग, अधिक वेळा बाधित होतो. पोटदुखी, थोडे खाताच पोट भरल्यासारखे वाटणे, उलट्या, वजन घटणे ही त्याची लक्षणे होत. ही लक्षणे अल्सर, कर्करोग वा क्षयरोगातही दिसतात, आणि अडचणीस येथूनच आरंभ होतो.

आपल्याकडे क्षयरोगाचे प्रमाण मोठे आहे आणि क्षयाचे जंतूही अशाच गाठी निर्माण करतात. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाच्या गाठीचा मध्यभाग मृत होऊन भुसभुशीत झालेला दिसतो, सार्कॉइडोसिसमध्ये तसा दिसत नाही, हा पुस्तकी भेद. पण दुर्बिणीतून घेतलेला तुकडा तांदळाच्या दाण्याहून लहान असतो व क्षय असूनही त्यात हा मृत भाग सापडेलच असे नाही. क्रोन्स हा आतड्याचा आजार, बुरशीचा संसर्ग व इतर काही कारणांनीही अशा गाठी होतात. म्हणून "गाठी आढळल्या" हा अहवाल म्हणजे निदान नव्हे; तो तपासाचा आरंभ होय.

पुढील तपास अनेक बाजूंनी होतो. छातीचे सीटी स्कॅन करून दोन्ही बाजूंच्या ग्रंथी वाढल्या आहेत काय, हे पाहतात. डोळे व त्वचा तपासतात. रक्तातील कॅल्शियम व एसीई या घटकाचे प्रमाण पाहतात. मात्र केवळ एसीई वाढल्याने निदान सिद्ध होत नाही. हातावरील ट्युबरक्युलिन चाचणी सार्कॉइडोसिसमध्ये बहुधा नकारात्मक येते; परंतु कुपोषित क्षयरुग्णातही ती नकारात्मक येऊ शकते. कोणताही एक पुरावा पुरेसा नसतो. हिशेबनिसाच्या भाषेत सांगायचे, तर रोजकीर्द, खतावणी व बँकेचे विवरण या तिन्हींचा ताळा जमल्याखेरीज आकडा पक्का मानीत नाहीत, तसेच हे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. काढलेले तुकडे दोन निरनिराळ्या कुप्यांत ठेवावे लागतात. फॉर्मॅलिनच्या कुपीतील तुकड्यांवर सूक्ष्मदर्शकाची तपासणी होते. परंतु फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, म्हणून ते तुकडे जंतुसंवर्धनास निरुपयोगी ठरतात. त्यासाठी काही तुकडे सलाइनमध्ये वेगळे ठेवावे लागतात. आधी अन्यत्र झालेल्या तपासणीत सर्व तुकडे एकाच फॉर्मॅलिनच्या कुपीत गेले असतील, तर दुर्बीण पुन्हा टाकण्यावाचून अनेकदा गत्यंतर नसते. सीबीनॅट चाचणीचे उत्तर सुमारे दोन तासांत मिळते. पण आतड्याच्या तुकड्यात जंतू अत्यल्प असल्याने नकारात्मक उत्तरावर विसंबता येत नाही. संवर्धनास सहा ते आठ आठवडे लागू शकतात. तो काळ कुटुंबाला असह्य वाटतो, हे आम्ही जाणतो.

मग अंदाजाने औषध का सुरू करू नये? कारण दोन्ही आजारांचे उपचार परस्परविरुद्ध आहेत. सार्कॉइडोसिसला गरज भासल्यास प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स देतात. ती प्रतिकारशक्ती दाबतात. मुळात क्षय असेल, तर तो भडकून प्राणावर बेतू शकते. उलटपक्षी, सार्कॉइडोसिसच्या रुग्णास क्षयाची औषधे सहा महिने दिली, तर यकृतास इजा होण्याचा धोका तो विनाकारण पत्करतो आणि मूळ आजार तसाच राहतो. पुरावे अपुरे असताना क्षयाचा संशय बळकट असेल, तर वैद्यक प्रथम क्षयाचे उपचार सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने व्रण भरले की नाही हे पाहतात. तीही तपासणी पुनरुक्ती नसून पडताळणी असते.

कुटुंबीयांस दोन विनंत्या आहेत. जुने अहवाल, क्ष-किरण चित्रे व प्रयोगशाळेतील काचपट्ट्या जपून ठेवाव्यात व सोबत आणाव्यात. त्यामुळे एखादी तपासणी टळू शकते. तसेच तपास पूर्ण होईपर्यंत कोणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड सुरू करू नये.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये व मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. पात्र कुटुंबांनी उत्पन्नाचा दाखला वा शिधापत्रिका घेऊन समाजसेवा विभागात संकोच न करता यावे. देणगीदारांना एवढेच सांगावेसे वाटते, की नव्या यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, दुसऱ्या कुपीवर ती लागत नाही. तरीही एखाद्या रुग्णास योग्य औषध मिळणार की घातक, हे कित्येकदा त्या कुपीवरच ठरते. आपल्या देणगीतील काही भाग तिच्याकडेही जातो, याचे समाधान आपण अवश्य मानावे.