जुन्या फियाटच्या ड्रम ब्रेकची निगराणी

आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसले, त्या वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, आणि पुढे पद्मिनी या नावाने सर्वतोमुखी झालेली फियाट आपल्या सांगवीत कुणी जपली असेल, तर तिच्या ड्रम ब्रेकविषयी हयगय करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

चाकांखाली दगड लावून, हँडब्रेक सोडून ड्रम उतरविल्यावर आतील धूळ हवेच्या झोताने उडविण्याची जी सर्रास वहिवाट आहे, ती मी सर्वथैव त्याज्य मानतो. कारण जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. मुखपट्टी बांधून ती धूळ पाण्याने भिजवावी व ओल्या फडक्याने टिपावी.

खरा कस व्हील सिलिंडरपाशी लागतो. त्याची रबरी टोपी उचलताच आत ओल दिसली, तर वॉशर बदलण्याची तजवीज तत्काळ करावी. मात्र ते भाग रॉकेलने वा पेट्रोलने कदापि धुऊ नयेत, कारण खनिज तेलाच्या संपर्काने हे रबर फुगते. तेलाने माखलेले लायनर घासून वापरण्यात काटकसर नाही, धोका आहे. ते एकाच आसाच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. ड्रमवर खोल चरे असल्यास लेथवर साफ करून घ्यावा, पण निर्मात्याने मुक्रर केलेल्या कमाल व्यासाची मर्यादा ओलांडू नये.

शेवटी ताजे ब्रेक ऑइल भरून, मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूर असलेल्या चाकापासून सुरुवात करून एअर काढावी.