साधन आणि विद्यार्थी यांच्यामधला दुवा

उच्च शिक्षणाचे दार कायद्याने उघडले, म्हणजे विद्यार्थी वर्गात जाऊन बसलाच, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत निदान 5 टक्के जागा राखून ठेवल्या, वयोमर्यादा 5 वर्षांनी शिथिल केली आणि 1995 च्या कायद्यात सातच असलेले अपंगत्वाचे प्रकार 21 पर्यंत नेले. ही प्रगती लहान नव्हे. परंतु प्रवेश मिळाल्यानंतरचा दुसरा दिवस कसा उजाडतो, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सुटत नाही. तो महाविद्यालयाच्या कचेरीत सुटतो, नाहीतर तिथेच अडून राहतो.

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील पांढुर्णा व सौंसर या तालुक्यांच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे. संत्र्यांच्या बागांचा हा मुलूख बोलीने व सोयरिकीने नागपूरकडचा; तथापि 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ निराळा झाला आणि हे दोन्ही तालुके मध्य प्रदेशातच राहिले. ऑक्टोबर 2023 मध्ये त्यांचा मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. येथील शासकीय महाविद्यालये छिंदवाड्याच्या विद्यापीठाशी संलग्न आहेत. आजारपणात माणसे नागपूरची वाट धरतात. सरकारी योजनेचा कागद मात्र भोपाळच्या वाटेने जातो. धडधाकट माणसालाही ही तीन टोके सांभाळताना दमछाक होते. मग ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, वा ज्याचे पाय चालत नाहीत, त्याने ती एकट्याने कशी सांभाळावीत?

समजा, सौंसरजवळच्या खेड्यातील एखादी अंध मुलगी बी. ए. च्या वर्गात आली. घरात मराठी, वर्गात हिंदी आणि संगणकावर इंग्रजी, अशा तीन भाषांशी तिची गाठ पडते. ब्रेल शिकलेल्या मुलीला यांतील पहिली पायरी वाटते तितकी अवघड नाही. फ्रान्समधील लुई ब्रेल यांनी शोधलेल्या सहा ठिपक्यांच्या लिपीवरून भारतीय भाषांसाठी जी एकच ‘भारती ब्रेल’ 1951 मध्ये स्वीकारली गेली, तिच्यात मराठीचा ‘क’ आणि हिंदीचा ‘क’ एकच आहे. इतकेच नव्हे, तर इंग्रजीतील ‘के’ या अक्षराचे ठिपकेही तेच आहेत. बोटांना नवी लिपी शिकावी लागत नाही. डोळसांच्या लिप्यांना न साधलेले ऐक्य अंधांच्या लिपीने साधले, असे म्हणावयास हरकत नाही.

अडचण पुढे येते. महाविद्यालयाची जाडजूड पुस्तके ब्रेलमध्ये सहसा मिळत नाहीत, म्हणून ती ऐकून वाचावी लागतात. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीला स्क्रीन रीडर म्हणतात. पूर्वी ही वस्तू फार महाग होती. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी ‘एनव्हीडीए’ नावाचा स्क्रीन रीडर तयार करण्याचे काम हाती घेतले व तो जगाला विनामूल्य दिला. तो मराठी वाचतो, हिंदीही वाचतो. साध्या भ्रमणध्वनीतही आता असा वाचक मुळातच बसवलेला असतो. म्हणजे साधन आले, तेही फुकट आले!

तरीही ती मुलगी अभ्यास करू शकेलच असे नाही, आणि याचे कारण अगदी क्षुल्लक वाटावे असे आहे. प्राध्यापकांनी दिलेल्या टिपणांची छायाचित्रे काढलेली असली, तर यंत्राला तेथे अक्षरे दिसतच नाहीत. त्याच्या लेखी ते केवळ एक चित्र असते. टिपणे ‘कृतिदेव’सारख्या जुन्या टंकात टाइप केलेली असली, तर प्रकार आणखी चमत्कारिक होतो. या टंकात डोळ्यांना देवनागरी दिसते, परंतु तिच्यामागे संगणकाने साठवलेली असतात ती रोमन अक्षरे व चिन्हे. स्क्रीन रीडर बिचारा तीच इमानाने वाचतो आणि ऐकणाऱ्याच्या कानी निव्वळ बडबड पडते. तोच मजकूर युनिकोडमध्ये असला, तर तो शब्दन् शब्द स्पष्ट वाचला जातो. जुन्या टंकातील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने विनामूल्य मिळतात, काम काही मिनिटांचे असते. पण ते करावयाचे कोणी? प्राध्यापकांना ही गोष्ट ठाऊक नसते, लिपिकाला ती आपली वाटत नाही. आणि मुलीला तर आपल्या यंत्रातच बिघाड आहे असे वाटत राहते.

छापील पुस्तकाचेही असेच आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्काचा कायदा अपंग वाचकासाठी पुस्तकाचे सुगम रूपांतर करू देतो. त्यासाठी प्रकाशकाच्या दाराशी जावे लागत नाही. 2016 पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे इंटरनेटवरील ग्रंथालयही सुरू आहे. मात्र छिंदवाड्याच्या अभ्यासक्रमातील नेमके पुस्तक तेथे आहे की नाही हे कोणीतरी पाहावे लागते. नसल्यास पाने यंत्राने टिपून, अक्षरे ओळखवून, चुका सुधाराव्या लागतात. हे काम जुलैत सुरू झाले तर परीक्षेपूर्वी पुरे होते. डिसेंबरात आठवण झाली, तर त्या पुस्तकाचा उपयोग पुढल्या वर्षीच्या मुलालाच.

आणि परीक्षा! लेखनिक व जादा वेळ या सवलती सर्वांच्या ऐकिवात असतात. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी तासामागे किमान 20 मिनिटांचा जादा वेळ सांगितला. म्हणजे 3 तासांच्या उत्तरपत्रिकेला पुरा 1 तास. 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र नाही एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये, लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात दिला. परंतु परीक्षेच्या सकाळी केंद्रावर उभे राहून निकालपत्र दाखवणे ही काही विद्यार्थ्याला शोभणारी तयारी नव्हे. विद्यापीठाची लेखी मंजुरी, स्वतंत्र खोली आणि विषयातले शब्द नीट लिहू शकणारा लेखनिक, यांची तजवीज आधीच झालेली असावी लागते.

अपंगत्व म्हटले की अंध व पांगळे एवढेच डोळ्यांसमोर येते, ही समजूतही सोडावयास हवी. कर्णबधिर विद्यार्थ्याला श्रवणयंत्र दिले तरी त्याचे सेल संपतात, कानातील साचा सैल होतो, आणि फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या प्राध्यापकांचे ओठ त्याला दिसत नाहीत. सातपुड्यातील आदिवासी वस्त्यांत व शेजारच्या विदर्भात आढळणारा सिकलसेल हा रक्तदोष 2016 च्या कायद्याने अपंगत्वांत धरला आहे. त्याच्या वेदनेचा झटका आला की विद्यार्थी अनेक दिवस वर्गात येऊ शकत नाही. त्याचे साधन म्हणजे व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण आणि हजेरीच्या नियमात थोडी माणुसकी. चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्याचा वर्ग तळमजल्यावर घ्यावयाला तर कसलेच यंत्र लागत नाही. वेळापत्रकात एक ओळ बदलली की पुरे.

ही सारी सूत्रे एका हाती असावीत, हा विचार नवा नाही. 1962 मध्ये अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात एड रॉबर्ट्स हा पोलिओने जवळजवळ सर्वांगाने लुळा झालेला विद्यार्थी दाखल झाला. राहण्याची दुसरी सोय नसल्याने त्याची व्यवस्था विद्यापीठाच्या रुग्णालयात करण्यात आली. मागाहून त्याच्यासारखे आणखी काही आले. त्यांच्या खटपटीतून 1970 मध्ये तेथे अपंग विद्यार्थ्यांचा जो स्वतंत्र कार्यक्रम उभा राहिला, त्याच्या कामात चाकाच्या खुर्च्यांची दुरुस्ती आणि मदतनिसांची यादी ठेवणे यांना मोठे स्थान होते. खुर्ची बंद पडली की शिक्षण बंद पडते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. आपल्याकडे मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात 2003 मध्ये दृष्टिहीनांसाठी साहाय्य केंद्र निघाले. त्याने पुस्तकांचे रूपांतर, संगणकाचे शिक्षण आणि हक्कांचा पाठपुरावा हे एका छपराखाली आणले. विद्यापीठ अनुदान आयोगानेही पंचवार्षिक योजनांच्या काळात अशा कक्षांसाठी योजना आखली होती, आणि 2022 मध्ये सुगमतेची सविस्तर मानके प्रसिद्ध केली.

मुंबईची ऐपत पांढुर्ण्याला कोठून येणार, असा आक्षेप कोणी घेईल. तो निम्माच खरा आहे. वेगळी इमारत लागत नाही. एक टेबल, एक संगणक, पाने टिपणारे एक यंत्र आणि त्या कामासाठी तासिका कमी करून दिलेला एक प्राध्यापक, एवढ्यावर आरंभ होतो. प्रवेशअर्ज येताच कोणाला काय लागेल हे विद्यार्थ्यालाच विचारावे. त्याच्या वतीने अंदाज बांधू नयेत. प्रमाणपत्र व ओळखपत्र नसेल तर जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळाकडे त्याच आठवड्यात पाठवावे. उपकरणे देणारी केंद्राची ‘एडिप’ योजना 1981 पासूनची असून, कानपूरचा सरकारी कारखाना ती उपकरणे बनवतो व जबलपूरलाही त्याची शाखा आहे. वाटपाच्या शिबिराची तारीख ठेवणे हेही याच टेबलाचे काम. नागपूरला केंद्र सरकारचे पुनर्वसन केंद्र आहे. मध्ये राज्याची सीमा आहे खरी, परंतु तपासणी व सल्ल्यासाठी ते सौंसरला भोपाळपेक्षा कितीतरी जवळ पडते.

सौंसरला रूपांतरित केलेले पुस्तक पांढुर्ण्याच्या मुलाने पुन्हा करावयाचे कारण नाही. दोन्ही महाविद्यालयांचा अभ्यासक्रम एकाच विद्यापीठाचा आहे. या टेबलावर एक नोंदवही असावी: कोणते पुस्तक युनिकोडमध्ये तयार आहे, कोणते यंत्र कोणाकडे आहे, कोणाचे दुरुस्तीला गेले आणि केव्हा परत यावयाचे आहे. पदवी घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याचे नावही तीत राहू द्यावे. नव्याने येणाऱ्याला स्क्रीन रीडर शिकवावयास त्याच्याइतका चांगला शिक्षक दुसरा मिळणे कठीण, आणि त्याचे घर बहुधा दहा-वीस कोसांच्या आतच असते.