बालकांची आक्रमकता आणि अंगणवाडी

मारणे, चावणे, ढकलणे हे प्रकार साधारणतः दोन ते चार वर्षांच्या दरम्यान सर्वाधिक आढळतात. भाषा व आत्मनियंत्रण वाढते तसे ते घटतात, असे कॅनडातील संशोधक रिचर्ड ट्रेम्ब्ले यांच्या अभ्यासातून दिसून आले. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतील अंगणवाडीत बालक पूर्वशालेय शिक्षणासाठी येते ते तिसऱ्या वर्षानंतर, म्हणजे याच टप्प्यावर. त्यामुळे त्यास ‘दांडगट’ ठरविण्यापूर्वी घटनेच्या आधी काय घडले, हे सेविकेने पाहणे आवश्यक ठरते. खेळणे हिसकावले गेले, भूक लागली, की झोप अपुरी झाली? मारणारा हात शांतपणे रोखावा, इजा झालेल्या बालकास जवळ घ्यावे, रागास शब्द द्यावेत. चापट मारल्यास मारण्याचाच धडा मिळतो. मात्र आहार, लसीकरण, सर्वेक्षण व २०२१ पासून पोषण ट्रॅकरवरील नोंदी सांभाळणाऱ्या सेविकेस अशा निरीक्षणासाठी वेळ क्वचितच उरतो.